शुद्ध रक्ताचा हट्ट आणि धापा टाकणारा पग

ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीतले भटके कुत्रे उचलून शेल्टरमध्ये ठेवा म्हणून आदेश दिला, मग त्याच महिन्यात तो बदलून नसबंदी करा, लस द्या आणि होते तिथे परत सोडा असं सांगितलं. तेव्हापासून आपल्याकडे रत्नागिरीच्या मारुती मंदिरापासून मालवणच्या बाजारपेठेपर्यंत जिथे चार माणसं चहाला उभी राहतात तिथे कुत्र्यांवर वाद चालूच आहे. वाद व्हायला हरकत नाही, पण तो ज्या पद्धतीने चाललाय त्याचा मला कंटाळा आलाय. एक पार्टी म्हणते परदेशी ब्रीड पाळणं म्हणजे पाप, माणसाने लुडबुड करून बिघडवलेले प्राणी ते, गावठी पाळा, त्याला निसर्गाने घडवलंय. दुसरी म्हणते गावठी म्हणजे नुसता उच्छाद, पाळायचा तर पेपरवाला, म्हणजे वंशावळीचं सर्टिफिकेट असलेला कुत्रा पाळा, निदान आईबाप कोण ते माहीत असतं. आणि हल्ली तिसरी पार्टी आलीय, ती म्हणते देशी ब्रीड आणा, मुधोळ आणा, राजपालयम आणा, आपलं शुद्ध रक्त जपा. तिघेही कुत्र्याचं कूळ विचारतायत. माझं म्हणणं असं की कुळाचा प्रश्नच चुकीचा आहे. माणूस जिथे वस्ती करून राहतो तिथे जनावरांची निवड होतेच, कधी ठरवून, कधी नकळत, ती थांबवता येत नाही. विचारायचं ते एवढंच की निवड कशासाठी केली आणि तिची किंमत कोण मोजतंय, मालक की जनावर.

पहिल्या पार्टीचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करून टाकतो, कारण तो खराच आहे. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येतात, मागच्या सीटवर चपट्या तोंडाचा पग असतो, घाट उतरेपर्यंत एसी चालू म्हणून सगळं ठीक. एकदा का तो पडवीत आला की बघा. दुपारचे बारा, वारा पडलेला, अंगाला चिकचिक, आणि हा प्राणी लादीवर पोट टेकून चारी पाय पसरून पडलेला, जीभ बाहेर, जिभेच्या कडा गुलाबीच्या जांभळट व्हायला लागलेल्या, दर श्वासाला घशातून घर्रघर्र. पोरं म्हणतात बघ कसा घोरतो, किती क्यूट. अहो तो जागा आहे! नाकपुड्यांच्या जागी दोन बारीक फटी उरल्यात, आतला मऊ टाळू चेपलेल्या तोंडात मावत नाही म्हणून श्वासनलिकेच्या तोंडावर येऊन लोंबतो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता बाहेर टाकायला धाप हाच मुख्य रस्ता, आणि नेमका तोच रस्ता आपण चेहरा गोंडस दिसावा म्हणून अरुंद करून ठेवलाय. त्यात कोकणातली हवा अशी दमट की निरोगी कुत्र्याचीही धाप इथे नीट काम करत नाही. २००३ च्या सुमारास हच मोबाईलच्या जाहिरातीतला पग बघून घरोघरी पग आले, तेव्हा ह्यातलं काही कोणी सांगितलं नव्हतं, अन् विचारलंही नव्हतं.

तर हे असलं रूप आलं कुठून? लोक म्हणतात ब्रीडिंगमधून. माझ्या मते हे अर्धवट उत्तर आहे, कारण कुत्र्यांचं ब्रीडिंग हजारो वर्षं चाललंय आणि त्यातला बहुतेक काळ ते कामासाठी होतं. मेंढ्या राखणारा, शिकारीमागे धावणारा, बिळात घुसणारा, दारात भुंकणारा. काम जमलं तर त्याची पिल्लं ठेवली, नाही जमलं तर नाही ठेवली, आणि आई कुठल्या जातीची ह्याची वही कोणी लिहीत बसला नाही. इंग्लंडातला बुलडॉग बैलांच्या अंगावर सोडायचे, १८३५ साली कायद्याने तो खेळ बंद झाला. काम संपलं पण कुत्रा राहिला, आणि मग त्याचं करायचं काय तर मिरवायचा. १८५९ साली न्यूकॅसलला पहिलं मोठं डॉग शो भरलं, त्यात पॉइंटर आणि सेटर म्हणजे शिकारीचेच कुत्रे होते, जिंकणाऱ्यांना बक्षीस म्हणून बंदुका दिल्या, पण गंमत अशी की तिथे एकाही कुत्र्याने शिकार करून दाखवायची नव्हती, नुसतं उभं राहायचं आणि परीक्षकांनी बघायचं. त्याच वर्षाच्या शेवटी डार्विनचं पुस्तक आलं, ज्याची सुरुवातच पाळीव जनावरांच्या आणि कबुतरांच्या निवडीपासून होते. १८७३ ला कुत्र्यांच्या ब्रीड्सची नोंद ठेवणारा केनेल क्लब निघाला, वंशावळीच्या वह्या सुरू झाल्या, प्रत्येक ब्रीडचं वर्णन कागदावर आलं, आणि ज्याचं तोंड वर्णनात आखूड लिहिलंय त्याचं तोंड दर पिढीला आणखी आखूड होत गेलं. बुलडॉग रुंद छातीचा, मोठ्या डोक्याचा होत होत आता त्याच्या पिल्लाचं डोकं आईच्या कमरेतून सुखाने बाहेर येत नाही. २०१० साली ब्रिटनमधली एक पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बोस्टन टेरियर ह्यांची ८० टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सिझेरियनने झालेली निघाली. ज्या जनावराला डॉक्टरशिवाय वंशच वाढवता येत नाही ते जनावर कोणत्या अर्थाने यशस्वी म्हणायचं? घोटाळा झाला तो निवडीची कसोटी रानातून उठून मांडवात आली तेव्हा.

इथे पेपरवाल्यांचं म्हणणं ऐकायला हवं, कारण तेही पोकळ नाही. त्यांचं म्हणणं, ब्रीड म्हणजे भरवसा. लॅबचं, म्हणजे लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेतलं तर मोठं होऊन किती वजनाचं होईल, केस किती गळतील, पोरांशी कसं वागेल ह्याचा अंदाज असतो. आकाराच्या, केसांच्या बाबतीत हे बरोबरच आहे, कारण कुत्र्यांत हे गुण थोड्याच जीन्सवर चालतात. पण त्याच भरवशाच्या पोटात दुखणंही येतं. डॅशहंडचे आखूड पाय एका जीनची जादा प्रत चुकून जीनोममध्ये शिरली त्यामुळे, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं, आणि २०१७ मध्ये त्याच जीनची आणखी एक प्रत दुसऱ्या जागी सापडली, जिच्यामुळे मणक्यामधल्या चकत्या लहान वयातच कडक होऊन सरकतात. लॅबचं बघा. लॅब हावरट असतो हे ज्याने पाळलाय त्याला सांगायला नको, फणसाच्या आठळ्यांपासून वाळत घातलेल्या सुकटीपर्यंत काही सोडत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण दर चार लॅबमागे एकाच्या एका जीनमध्ये तुकडा गळालेला असतो, भूक भागल्याचा निरोप पोचतच नाही. आणि अंधांना, अपंगांना मदत करायला शिकवलेल्या लॅबमध्ये तपासलं तर चारातल्या तिघांत तो निघाला! म्हणजे खाऊच्या आशेने पटकन शिकणारा कुत्रा आपण निवडत गेलो आणि भुकेचा आजार सोबत निवडला गेला. एक गुण ओढला की दोन-चार गोष्टी मागून फरफटत येतात. रशियात नोवोसिबिर्स्कला बेल्यायेव्ह ह्या जनुकशास्त्रज्ञाने १९५९ पासून कोल्हे फक्त माणसाळलेपणावर निवडले तर काही पिढ्यांत अंगावर पांढरे ठिपके, लोंबते कान, वळलेल्या शेपट्या दिसायला लागल्या. (ते कोल्हे आधीच फरच्या फार्मवरचे होते, त्यामुळे त्यातलं सगळंच नवीन होतं असं नाही, ही गोष्ट सांगणारे हे गाळतात.)

मग ब्रीडिंगच वाईट, बंदच करा? हे कोकणात बसून म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या ताटात बघावं. हापूस काय निसर्गाने दिला? हापूसचं प्रत्येक कलम म्हणजे कुणीतरी कधीतरी निवडलेल्या झाडाची फांदी, कलमावर कलम बांधत आपण तेच झाड शेकडो वर्षं पुढे नेतोय. त्याच्यात साका होतो, बाहेरून सोन्यासारखा दिसणारा आंबा कापला की आत पांढरट, भसाडा, आंबूस, हे सगळ्या बागायतदारांना माहीत आहे. मग वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना काढला, १९८१ मध्ये तो आला, त्यात साका नाही. पुढे रत्ना आणि हापूसमधून सिंधू काढला, त्याची कोय कागदासारखी पातळ. पनवेलच्या खारभूमी केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणारे भात काढले. आमच्या सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ शेळी, काळं अंग आणि तोंडावर नाकापासून कानाकडे जाणारे पांढरे पट्टे, पावसाळ्यात जिथे घाटावरची शेळी खोकून मरेल तिथे ही कातळावर आरामात चरते. कोकण कपिला गाय लहानखुरी, दूध जेमतेम दोन लिटरच्या आसपास, पण डोंगर चढते, पेंढ्यावर भागवते, आणि तिला डॉक्टर क्वचित लागतो. ह्या दोघींची आता राष्ट्रीय पातळीवर ब्रीड म्हणून नोंद झालीय, पण नोंद व्हायच्या कितीतरी आधी त्यांना इथल्या पावसाने आणि इथल्या गरीब शेतकऱ्याने मिळून निवडलं. निवड ही अशीही असते. एक फरक मात्र मान्य करायला हवा, नाहीतर पगवाले लगेच म्हणतील हापूस खाताना नाही आठवत का साका. साक्याने आंब्याला काही होत नाही, नुकसान बागायतदाराचं. पगच्या टाळूचं मोल पग मोजतो. जनावराच्या बाबतीत निवडीला एक अट जास्त लागते, किंमत जनावराने मोजायची नाही, ती ह्यामुळे.

आता निसर्गाचे भक्त. गावठी कुत्रा काटक, त्याला आजार नाहीत, निसर्गाने घडवलंय. पहिला भाग बराचसा बरोबर आहे. हापूसच्या बागेत नेपाळी राखणदारासोबत जे दोन-तीन गावठी कुत्रे असतात त्यांना एकदा बघा. भर उन्हात वानरांची टोळी कुंपणावर आली की हे सड्यावरून धावत जातात, परत येऊन कलमाखालच्या मातीत खड्डा उकरून त्यात पोट टेकून बसतात, पाच मिनिटांत श्वास जागेवर. अंगावर केस आखूड, कान उभे त्यामुळे आत हवा खेळती. ओळखीच्या एका बागायतदाराने वानरांसाठी हौसेने जर्मन शेफर्ड आणला होता, तो पहिल्या पावसातच गोचिडांनी आणि त्वचेच्या बुरशीने हैराण झाला, कानातून वास यायचा, केस ओले राहायचे, शेवटी त्याला खोलीत पंख्याखाली ठेवायची वेळ आली आणि वानरं पुन्हा गावठ्यांच्या वाट्याला. पण हा काटकपणा फुकट आलेला नाही. आयसर कोलकाता ह्या विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या रस्त्यावरच्या पिल्लांचा हिशोब ठेवला तर वयात येईपर्यंत साधारण पाचातलं एक उरलं, आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मरणांत माणसाचा हात होता, गाडीखाली, मारून, उचलून नेऊन. म्हणजे तुम्हाला दिसतो तो काटक गावठी हा चार भावंडांचं मरण मागे टाकून आलेला आहे. पार्व्हो हा विषाणूचा आजार आला की अख्खी वीण जाते, रात्री वाघ, म्हणजे आपला बिबट्या, खळ्यातून उचलून नेतो. ही निवड दयाळू कशी? केनेल क्लबची निवड जनावराला आयुष्यभर घुसमटवते, रस्त्याची निवड तीन महिन्यांत मारते. दोन्हीत कोणी कोणाला पवित्र म्हणू नये.

आणि आता त्या शुद्ध रक्ताकडे येतो, कारण सगळ्या रोगाचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं. डाल्मेशियनची गोष्ट बघा. ठिपक्यांचा कुत्रा. ह्या ब्रीडमधल्या सरसकट सगळ्या कुत्र्यांत एक जीन बिघडलेला, युरिक अॅसिड लघवीत जास्त उतरतं, खडे होतात, नर तर लघवी तुंबून तडफडतात. १९७३ मध्ये अमेरिकेत एका जनुकशास्त्रज्ञाने एका डाल्मेशियनचा एका पॉइंटरशी एकदाच संकर केला, चांगला जीन आत आणला, आणि नंतर दर पिढीला पुन्हा डाल्मेशियनशीच लावत गेला. काही पिढ्यांत दिसायला शंभर टक्के डाल्मेशियन, ठिपके आहेत, बांधा आहे, खडे नाहीत. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्यातल्या दोघांची नोंद केली, तर डाल्मेशियनवाल्यांच्या क्लबातच ओरड झाली, भ्रष्ट झालं, पॉइंटरचं रक्त शिरलं, आणि पुढची नोंद थांबवली. दार उघडलं ते २०११ मध्ये. तीस वर्षं! उपाय समोर शेपूट हलवत उभा असताना तीस वर्षं कुत्रे खड्यांनी तडफडले, का, तर खापरपणजोबा परजातीचा. हे ऐकून मराठी माणसाला काहीच आठवत नाही का? बेटीबंदी म्हणजे दुसरं काय असतं? १९१६ साली बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला त्यात हेच सांगितलं होतं, की आपल्याच वर्तुळात लग्न करण्याची सक्ती हा जातीचा गाभा. ज्या काळात इंग्लंडात कुत्र्यांच्या वह्या निघाल्या त्याच काळात तिथे माणसांचीही वीण सुधारायची भाषा फ्रान्सिस गॅल्टन ह्या शास्त्रज्ञाने सुरू केली, त्या भाषेने विसाव्या शतकात काय केलं ते जगाला माहीत आहे. माणसांच्या बाबतीत हा विचार आपण निदान तोंडाने तरी टाकला, कुत्र्यांच्या बाबतीत अजून सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावतो.

देशी ब्रीडवाल्यांवर माझा राग कमी आहे, त्यांची कळकळ खरी आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी शिकारी कुत्रे जोपासले म्हणून ते आज दिसतात, सैन्याने ते घेऊन बघितले, राजपालयम आणि चिप्पिपारईसोबत मुधोळची राष्ट्रीय ब्रीड म्हणून नोंद झाली, ह्यात अभिमान वाटण्यासारखं आहेच. पण पुढचं पाऊल कुठे पडतंय? राजपालयमचं पांढरंशुभ्र अंग आणि गुलाबी नाक हीच त्याची ओळख ठरली, पांढऱ्यासाठी निवडत गेले आणि त्या ब्रीडमध्ये बहिरेपणा मुरला, कारण अंगाचा रंग आणि कानाच्या आतल्या पेशी ह्यांचं नातं जवळचं. तमिळनाडूत इंग्रज परीक्षक आला नव्हता हो हे करायला. आपणच केलं. परदेशी चुकीला देशी नाव दिलं की ती चूक राहत नाही असं थोडंच आहे? ह्याच्या उलट आपला भीमथडी घोडा आठवा. ठेंगणा, दिसायला काहीच नाही, अरबी घोड्याशेजारी उभा केला तर लोक हसतील, पण मराठ्यांच्या स्वाऱ्या त्याच्यावर झाल्या, थोड्या चाऱ्यावर, दगडधोंड्यातून, लांब पल्ल्याला. त्याची निवड मुलुखाने केली, ज्याला मजल झेपली नाही तो मागे पडला, ज्याला झेपली त्याची पैदास झाली. मुधोळ वाचवायचा तर तो धावतो कसा, त्याचं हृदय कसं आहे, आईबाप एकमेकांच्या किती नात्यातले आहेत हे बघून वाचवा, प्रदर्शनात फीत लावून नको. गरज पडली तर कारवानी, पश्मी अशा दुसऱ्या देशी शिकारी कुत्र्यांचं, जे असेल ते बाहेरचं रक्त आणायची तयारी ठेवा. वही असू दे, पण वहीला दार पाहिजे.

आता चावण्याचा प्रश्न, कारण तो निघाला की सगळा विचार बाजूला पडतो. १२ मार्च २०२४ ला केंद्र सरकारने परिपत्रक काढून २३ ब्रीड्स धोकादायक ठरवून त्यांच्यावर बंदी आणायला सांगितलं, पिटबुल, रॉटवायलर तर होतेच, शिवाय तोर्न्याक, बोअरबोल अशी नावं की जी आपल्याकडच्या जनावरांच्या डॉक्टरांनीही उभ्या जन्मात पाहिली नसतील. एप्रिलमध्ये कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं, कारण ज्यांना ह्यातलं कळतं त्यांना विचारलंच नव्हतं. बंदीवाल्यांचा एक मुद्दा मी मान्य करतो, पन्नास किलोचा ताकदवान जबड्याचा कुत्रा चावला तर जे होतं ते दहा किलोच्या कुत्र्याने होत नाही, आणि झुंजीसाठी पिढ्यानपिढ्या निवडलेल्या कुत्र्याला फ्लॅटच्या बाल्कनीत साखळीला बांधून ठेवणाऱ्या मालकाला लायसन्स लागलंच पाहिजे. पण स्वभाव ब्रीडवरून ओळखता येतो ही समजूत फार दिवस टिकणारी नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन, त्यातल्या दोनेक हजारांचा डीएनए बघून एक मोठा अभ्यास झाला, त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातला फक्त ९ टक्क्यांच्या आसपास फरक ब्रीडमुळे समजावता आला. कळप राखणारा कुत्रा हाकायचा गुण घेऊन जन्मतो हे खरं, तरी एकेका कुत्र्याचं काय हे ब्रीड बघून सांगता येत नाही. आणि आपल्याकडे कुत्रा चावल्यावर माणूस मरतो तो बहुतेक वेळा जबड्याने मरत नाही, रेबीजने मरतो. खाली गोव्यात काय केलं? कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस दिली, जाळी घेऊन वाडीवाडीवर फिरले, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. त्यांनी कुठे ब्रीड विचारली? गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याच्या अलीकडे आपण मात्र यादीत कोण आहे त्यावर भांडतोय.

सगळ्यात अवघड प्रश्न ह्यानंतर येतो आणि तो टाळून चालणार नाही. रस्त्यावर एवढी पिल्लं मरतायत, मग आणखी एक तरी पिल्लू पैसे देऊन का जन्माला घालायचं? घरात नुसती सोबत हवी असेल तर माझ्याकडे ह्याला उत्तर नाही, गावठीच घ्या, बंदरावरून घ्या, मासळी उतरते तिथे प्रत्येक होडीखाली एक कुत्री पिल्लं घेऊन असते. पण स्फोटकं शोधायला, आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडून द्यायला, मेंढरं राखायला विशिष्ट गुण पिढ्यानपिढ्या टिकवावेच लागतात, आणि ते निवडीशिवाय टिकत नाहीत. तेवढी पैदास चालू राहावी, आणि तिला कडक अटी असाव्यात. नेदरलँड्सने २०१९ पासून अती आखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीला मोजमापाची अट घातली. नॉर्वेत प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०२३ मध्ये कॅव्हॅलियर किंग चार्ल्स स्पॅनियलची पैदास बेकायदा ठरली, बुलडॉगच्या बाबतीत मात्र कोर्टाने तितकं ताणलं नाही. आपल्याकडे २०१७ चे नियम आहेत, ब्रीडरने राज्य मंडळाकडे नोंदणी करायची, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय लावायची नाही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. कागदावर उत्तम. आता सांगा, तुमच्या तालुक्यात ज्याच्याकडून पिल्लू घेतलंत त्याचा नोंदणी नंबर विचारलात? त्याने पिल्लाची आई दाखवली? ती दहा पावलं धावल्यावर कशी श्वास घेते ते बघितलंत? आमच्याकडे पाच आठवड्यांचं पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून एसटीने पार्सलसारखं येतं, पैसे गुगल पे, आईचा पत्ता नाही, आणि सहा महिन्यांनी कंबर वाकडी निघाली की तोच माणूस फोन उचलत नाही. गिऱ्हाईक विचारत नाही तोवर ब्रीडर बदलेल असं समजणं भाबडेपणा आहे, आणि नुसत्या गिऱ्हाइकाच्या शहाणपणावर सोडून देणं हाही भाबडेपणाच, पग घेणाऱ्या दहापैकी नऊ जणांना पगवर प्रेमच असतं. म्हणून नियम लागतात, आणि ते मोजता येतील असे लागतात, नाकाची लांबी, कमरेचा एक्सरे, आईबापांचं नातं.

आणि जाता जाता एक गोष्ट, जिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. नगरपंचायतीची गाडी नसबंदीसाठी कुत्रे धरायला येते तेव्हा पहिलं कोण सापडतं? जे हाक मारली की शेपूट हलवत येतं ते. चहाच्या टपरीखाली झोपणारं, शाळेतल्या पोरांचे ग्लुकोजचे बिस्किट खाणारं, कोणीही पाठीवर हात फिरवलेला चालणारं. ते धरलं जातं, त्याचं ऑपरेशन होतं, कान कापून खूण होते, त्याचा वंश तिथे संपला. जे माणूस दिसला की करवंदीच्या जाळीत शिरतं, गुरगुरतं, पकडायला गेलं तर चावून पळतं, ते राहून जातं, आणि पावसाळ्यानंतर त्याचीच पिल्लं होतात. नसबंदी नको असं मी अजिबात म्हणत नाही, तिच्याशिवाय मार्ग नाही. पण बेल्यायेव्हने माणसाळलेले कोल्हे ठेवून बाकीचे बाजूला काढले, आपण बरोबर उलटं करतोय, ते पण वर्षानुवर्षं, सरकारी टेंडर काढून. बुजऱ्या कुत्र्यांसाठी वेगळे पिंजरे, रात्रीची धरपकड, वाडीतल्या एखाद्या खाऊ घालणाऱ्या बाईला सोबत घेऊन जाणं, ह्यातलं काहीही टेंडरमध्ये लिहायला फार अक्कल लागत नाही. वर्षाला किती ऑपरेशनं झाली हा आकडा सगळे विचारतात, ती कुठल्या कुत्र्यांची झाली हे पुढच्या सभेत कोणीतरी विचारा.